भीमबेटकाहून आजीला

भोपाळ, रात्री

ती. आजीस,
सा. न.

इटारसी सुटलं तशी मी खिडकीला चिकटून बसले. नर्मदा गेली, घाट लागला. १९५७ साली याच वाटेने आगगाडीतून जाताना पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांना दूरवर काही खडक दिसले. फ्रान्स-स्पेनमध्ये पाहिलेल्या चित्रगुहांच्या खडकांशी त्यांची ठेवण जुळते, असं त्यांना वाटलं. मग ते माणसं घेऊन परत आले, आणि भीमबेटकाच्या चित्रगुहा सापडल्या. वाकणकर नीमचचे, आपल्यासारख्याच मराठी घरातले. उद्या तिथे जाते.


भोपाळ, दुसऱ्या दिवशी

ती. आजीस,
सा. न.

गुहा म्हणतात खरं, पण पुढे झुकलेल्या कातळाखालची ती पडवीच गं! असे सातशेच्या वर आसरे, त्यांतले चारशेहून अधिक रंगलेले. एका कातळाला ‘झू रॉक’ म्हणतात. हत्ती, सांबरं, गवे, हरणं... चारशेच्या वर आकृत्या, त्याही एकमेकींवर काढलेल्या. जुन्या मध्याश्मयुगातल्या, पुढच्या थेट ऐतिहासिक काळातल्या. आसपास कोरा कातळ हवा तेवढा आहे. तरी माणसं पुन्हा पुन्हा याच भिंतीकडे आली. मला वाटतं, आधीच्यांनी जिथे काढलं तिथेच काढायचं, हेच त्यांना हवं होतं.

लाल रंग गेरूचाच. कुंचे झाडाच्या तंतूंचे असावेत म्हणतात. मला तुझा नारळाच्या सोडणाचा कुंचा आठवला, टोक ठेचून मऊ केलेला.

इथल्या चित्रांत मध काढणारी माणसंही आहेत, आणि वर कातळाच्या कडेला आजही आग्या मोहोळं लोंबताहेत. मी मान वर करून किती तरी वेळ उभी होते. धूर किती करायचा, पोळ्याला हात कुठून घालायचा, हे लिहून ठेवायची सोय नव्हती. कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवल्याशिवाय ते पुढच्या पिढीला कळलं कसं असतं?

पण सांगायचं ते वेगळंच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी सत्तरच्या दशकात इथल्या एका आसऱ्यात उत्खनन केलं. खाली, हातकुऱ्हाडींच्या थरात, दगडाच्या लाद्या पसरलेल्या निघाल्या. लाखभर वर्षांहूनही जुन्या! आजी, त्यांनी जमीन केली होती. चित्रांच्या कितीतरी आधी, बसण्या-उठण्यापुरती जागा नीट केली होती. ते ऐकलं आणि सारवायला बसलेली तू डोळ्यांपुढे आलीस. चित्रांपेक्षा त्या लाद्यांनीच मला जास्त हलवलं.

रविवारी पोचते. तुळशीवृंदावनाला गेरू मी आल्यावर लावू. या खेपेला कुंचा मी धरीन. तू फक्त शेजारी बैस आणि हात कुठे जड पडतोय ते सांग.

तुझी,
मनू