कॅनॉलचं उरलंसुरलं

पुण्यातला डावा कॅनॉल. खडकवासल्याच्या धरणातून निघून खडकीच्या दिशेने जायचा. पाणी केव्हाच आटलं, नाव तेवढं उरलं: एरंडवणं-कर्वेनगरकडचा कॅनॉल रोड. हा रस्ता उगाच वळतो अशी नव्या माणसाची तक्रार असते. उगाच नाही वळत. पाटाचं पाणी टेकडीच्या कडेकडेने, जेमतेम उतार राखत न्यावं लागतं. पाण्यासाठी आखलेली ती रेघ आता दुचाक्या इमानेइतबारे पाळतात.

'लेक फाइफ'. खडकवासल्याच्या तलावाचं जुनं नाव, धरण आखणाऱ्या इंग्रज इंजिनिअरवरून पडलेलं. धरण १८७९चं. पानशेतचं धरण फुटल्यावर, १२ जुलै १९६१ला, तेही फुटलं, पुन्हा बांधलं. नाव मात्र कोणी पुन्हा घेतलं नाही. बरंच झालं.

पाटकरी. कोणाची पाळी, किती वेळ, हे ठरवणारा माणूस. हडपसर-मांजरीच्या मळ्यांत त्याचा शब्द तलाठ्याहून वजनदार. मगरपट्ट्यात उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पाणी कधी येणार, हे तेव्हा पाटकऱ्याला विचारत; आता सोसायटीच्या वॉचमनला विचारतात, टँकरबद्दल.

फाट्याचं दार. लोखंडी फळी, उभा आट्यांचा दांडा, वर फिरवायचं चाक. चाक बहुधा भंगारात गेलेलं असतं, आट्यांवर वंगणाचा काळा थर वाळून दगड झालेला. फळीखालून पाणी अजून झिरपतं आणि तेवढ्यावर अळू माजतं.

काठच्या विहिरी. कॅनॉलच्या पाझरावर भरायच्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात पाझर म्हणजे गळती. विहीरवाल्याच्या हिशेबात ते हक्काचं पाणी.

धुण्याचे दगड. पोहणारी पोरं. ती बुडायचीही, म्हणून जाळ्या आल्या. जाळ्यांबद्दल हळहळण्यात अर्थ नाही.

भिंतीवरचा भरवसा. २७ सप्टेंबर २०१८ला जनता वसाहतीजवळ उजव्या कॅनॉलची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीतले संसार वाहून गेले. खापर उंदीर-घुशींवर फुटलं. देखभालीचं नाव त्यामानाने हळू घेतलं गेलं.

आणि आता उजवा कॅनॉलच. त्याच्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी बोगदा काढायला सरकारची मंजुरी मिळाली आहे. गळती, बाष्पीभवन, चोरी, कचरा, सगळंच थांबेल. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचं पाणी नीट मिळेल. याला विरोध करण्याचं कारण नाही. पण मोकळ्या होणाऱ्या पट्ट्यावर रस्त्याची भाषा आतापासूनच सुरू आहे. डाव्या कॅनॉलचं तेच झालं. या वेळी निदान एम्प्रेस गार्डनजवळचा एक तुकडा दारासकट वाहता ठेवावा. आराखडा कागदावर पक्का होण्याआधी काठच्या सोसायट्यांनी ही मागणी लेखी करावी.