मुलांसह लेण्याद्रीला

भाड्याच्या जीपमध्ये दोन कुटुंबे, पाच मुले आणि भाकरी-पिठल्याचे डबे घेऊन आम्ही पहाटे पुण्याहून निघालो. मंचर मागे पडले, कळंबला घोड नदी ओलांडली. दोन्ही बाजूंना उसाची, कांद्याची शेते. नारायणगावहून जुन्नरकडे वळलो.

लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या मुलांनी शर्यत लावून चढल्या. बहुतेक लोक सातव्या लेण्यातील गणपतीच्या दर्शनाला येतात. ते लेणे मुळात भिक्खूंचा विहार; भोवतीच्या खोल्या आजही तेच सांगतात. शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहात मात्र शांतता होती.

"ही लेणी पांडवांनी कोरली ना?" थोरल्याने विचारले. पायऱ्यांवर कोणीतरी त्याला तसे सांगितले होते. आम्ही त्याला ब्राह्मी शिलालेख दाखविला. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असे त्यात कोरले आहे. जुन्नरच्या इतर लेखांत धान्य व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो.

"मग बुद्धांची मूर्ती कुठे?" धाकटीचा प्रश्न. त्या काळी स्तूपालाच वंदन करीत, असे सांगताच तिने हात जोडले. आम्ही सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. कमानीखाली मुलांचे आवाज घुमले.

बांधवांनो, सुट्टीत मुलांना येथे जरूर आणा. जाण्यापूर्वी थोडे वाचून जा. आपला इतिहास आपण सांगितला नाही, तर मुले पायऱ्यांवर ऐकलेलाच खरा मानतील. जयभीम!