नेव्हिसच्या वाटेनं

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बॅनकबर्न या द्राक्षमळ्यांच्या गावातून गार्स्टनकडे एक कच्चा रस्ता जातो, नेव्हिस रोड. डफर्स सॅडल या खिंडीत तो सुमारे 1,300 मीटर उंचीवर पोचतो. त्या देशातला सर्वांत उंच सार्वजनिक रस्ता म्हणून त्याची ओळख आहे. हिवाळ्यात तो बंद असतो आणि भाड्याच्या गाड्यांच्या करारात अशा रस्त्यांना बहुधा मनाईच असते. माझा मावसभाऊ, दादा, साउथलंडमध्ये डेअरी फार्मवर काम करतो आणि त्याच्याकडे स्वतःची फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, म्हणून मला हा रस्ता बघायला मिळाला, आणि दरीतल्या नेव्हिस नदीत गळ टाकायलाही.

गळ टाकायला मी चिपळूणला बाबांकडून शिकले. तिथं वाशिष्ठीच्या गढूळ पाण्यात तांबोशीसाठी बसायचं तर भरती-ओहोटीचा हिशेब मांडावा लागतो. मासा दिसत नाही, दोरीला ओढ बसली की कळतो. नेव्हिसचं पाणी इतकं नितळ की मासा आधी शोधायचा आणि मगच गळ टाकायचा. मासा म्हणजे ब्राउन ट्राउट. तो मूळचा इथला नाही. इंग्लंडची अंडी आधी टास्मानियात आली आणि तिथून 1867 मध्ये न्यूझीलंडला. आज या देशात ट्राउट विकायला कायद्यानं बंदी आहे. खायचा असेल तर परवाना काढा आणि स्वतः पकडा. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. माशाला बाजारभावच नसला, तर नदी उपसण्यात कुणाला रस राहणार?

बॅनकबर्न सोडलं की डांबर संपतं आणि चढ लागतो. खिंडीपलीकडची दरी बोडकी, पिवळ्या गवताची. 1860 च्या दशकात इथं सोन्यासाठी माणसांची रीघ लागली होती, पुढं चिनी खाणकामगारही आले. उपसलेल्या दगडगोट्यांचे ढीग अजून नदीकाठी पडून आहेत. वाटेत कुरणांची फाटकं लागतात. बंद असेल तर उघडून, गाडी काढून, पुन्हा बंद करायचं. उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. फाटक उघडायला दर वेळी मीच उतरत होते आणि त्या निमित्तानं ती दरी मला पायी भेटत होती.

खालच्या भागात रस्ता पुन्हापुन्हा पाण्यात उतरतो. असे उतार वीसहून जास्त आहेत. दादाची रीत ठरलेली. गाडी काठावर थांबवायची, गमबूट घालून आधी स्वतः पाण्यात शिरायचं आणि काठीनं तळ चाचपायचा. पाणी जिथं पसरून खळखळतं तिथं ते उथळ. जिथं गुळगुळीत, काळपट दिसतं तिथं डोह. पाणी गढूळ झालेलं असेल किंवा वरच्या डोंगरावर ढग दाटले असतील, तर पलीकडे जायचंच नाही. सगळं ठीक वाटलं तर लो गिअर टाकायचा, एका संथ चालीनं आत शिरायचं आणि मध्ये गिअर बदलायचा नाही. बोनेटपुढं पाण्याची एक लाट उठते, ती मोडू न देता पलीकडे निघायचं. खालून दगड चाकांवर आपटल्याचा आवाज थेट पायांत जाणवतो.

दुपारी एका डोहाच्या शेपटाशी आम्हाला मासा दिसला. दगडाच्या सावलीत तपकिरी पाठ, अंगावर ठिपके, शेपटी जरा जराशी हलत होती. फेब्रुवारी असल्यामुळे झुडपांमध्ये रातकिड्यांसारखे सिकाडा किर्र ओरडत होते, म्हणून दादानं त्याच रूपाचं तरंगतं खोटं आमिष बांधून दिलं. ते माशाच्या हातभर पुढं पडलं. तो सावकाश वर आला, त्यानं तोंड उघडलं. "थांब गं, तोंड मिटू दे त्याला," दादा कुजबुजला. मिटल्यावर मी छडी उचलली. बऱ्याच झटापटीनंतर तो जाळ्यात आला. हात ओले करून गळ सोडवला आणि प्रवाहाकडे तोंड करून त्याला धरून ठेवलं. कल्ल्यांना जोर आला तसा तो स्वतःच निसटून गेला.

या नदीची खरी गोष्ट मात्र ट्राउटहून जुनी आहे. नेव्हिस आज उत्तरेला कवाराउ नदीत जाते. पण फार पूर्वी ती दक्षिणेला, माटाउरा नदीच्या बाजूला वाहत होती. डोंगर उचलले गेले आणि तिची दिशा फिरली. पुरावा दिला तो गॅलेक्सियस या बोटभर, बिनखवल्यांच्या देशी माशानं. नेव्हिसमधल्या गॅलेक्सियसचं जवळचं नातं साउथलंडच्या माशांशी निघालं. नेव्हिसवर वीजप्रकल्पाचा विचार होता, पण या माशाचं आणि दरीचं महत्त्व लक्षात घेऊन 2013 मध्ये तिथं धरण बांधायला मनाई झाली. हे वाचल्यावर मला मनापासून बरं वाटलं. ट्राउट या लहान माशांना खातो, हेही तितकंच खरं. ट्राउट पकडणाऱ्यानं ते विसरू नये.

गार्स्टनला उतरून दुसऱ्या दिवशी माटाउरावर जायचं होतं, पण आधी सगळं सामान धुणं. 2004 मध्ये साउथलंडच्या वायाउ नदीत डिडिमो हे शेवाळ सापडलं. दगडांवर त्याची जाड साय चढते, आणि एक थेंब पाण्यातूनही ते दुसऱ्या नदीत पोचतं. पाणी धरून ठेवतात म्हणून फेल्टच्या तळाचे बूट 2008 पासून बंद झाले. आम्ही बादलीत पाच टक्के भांड्यांच्या साबणाचं पाणी केलं. बूट, जाळं आणि छडीची मूठ त्यात बुडवली, लेसच्या घड्याही चोळल्या. सूर्य मावळेपर्यंत हेच चाललं होतं. दादानं गाडीचे मडफ्लॅपसुद्धा घासून काढले. जाळं अजून ओलं आहे असं वाटल्यानं त्यानं सकाळची निघायची वेळ पुढं ढकलली, आणि मला ते पटलं.