रात्रीं पळाली

लासलगांवच्या आमच्या घरीं, आजोबांच्या पेटींत, कांद्याच्या हिशेबवह्यांखालीं पेशवाईंतला एक फाटका कागद निघाला. त्यांत एका म्हशीची किंमत आहे, तिच्याखालीं एका कुणबिणीची. आणि पुढें दोनच शब्द : ‘रात्रीं पळाली’. कुणबीण म्हणजे दासी, असें आम्हीं मुलांस सांगितलें. धाकटीनें विचारलें, ‘‘म्हणजे आपण ती विकत घेतली होती?’’ आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

1843 च्या 5 व्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत गुलामगिरीचा न्यायालयांतील आधार गेला. 1854 मध्यें नाशिकशेजारीं मिशनऱ्यांचें शरणपूर वसलें. अरबी गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें पुढें तेथें शिकलीं. त्यांतल्या कित्येकांनीं 1875 च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेअर टाउनची वस्ती उभारण्यास हात लावला. तेथें एक घंटा टांगलेली असे. गुलाम पकडणारे येतांना दिसले कीं ती वाजे, आणि सारी वस्ती सावध होई. त्या जागेस अजूनहि ‘केंगेलेनी’ म्हणतात. स्वाहिलींत केंगेले म्हणजे घंटा.

आमच्या कुणबिणीस घंटा कोठली! पाणवठ्यावर, जात्याच्या घरघरींत, कोणीं तिला वाट सांगितली असेल? कागद पुनःपुन्हां उलटून पाहिला. म्हशीचा रंग लिहिला आहे. तिचें नांव नाहीं.