मांजराचा केस आणि माझी चुकलेली बातमी

दोन वर्षांपूर्वी मी एक चौकट छापली होती: 'मांजराच्या केसांमुळे दमा'. बातमी चुकीची होती. कळलं तेव्हा दमा आमच्याच घरात आला होता.

धाकटी रात्रभर खोकायची, छातीत शिट्टी वाजायची. तीन डॉक्टर झाले, तीन सिरप झाली. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी हातावर थेंब टाकून, हलकं टोचून टेस्ट केली. पंधरा मिनिटांत दोन गांधी उठल्या. एक मांजराची, दुसरी धुळीतल्या माइटची.

डॉक्टर म्हणाले, दोष केसाचा नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन तयार होतं, नाव 'फेल डी १'. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, बारीक कण हवेत तरंगत राहतात. केस फक्त वाहतूक करतो.

हे प्रथिन विष नाही. शरीरच त्याला शत्रू समजतं. पहिल्या भेटीत बाहेर काही दिसत नाही, पण आत 'आयजीई' अँटिबॉडी तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की त्या पेशी हिस्टामिन सोडतात. मग शिंका, डोळ्यांना खाज, श्वासनळ्या आवळणं. ही आयजीई इशिझाका दांपत्यानं १९६६ साली शोधली. आपल्याकडे अजून 'थंड खाल्लंस' यावरच भागतं.

मनी मेव्हण्याच्या शेतावर गेली. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आणि दोन महिन्यांनीही खोकला होताच, कारण ते प्रथिन गाद्या-पडद्यांत कित्येक महिने टिकतं. फरक पडला तो चादरी गरम पाण्यात धुऊन आणि इन्हेलर रोज वेळेवर घेऊन.

तो इन्हेलरही आधी आम्ही पाहुण्यांसमोर लपवायचो. 'पंपाची सवय लागते' म्हणतात ना! सवय लागत नाही हो. मनानं बंद केला तर मात्र पोर रात्री तडफडतं.

मित्रांनो, मार्केट यार्डात पोत्यात बांधून टाकलेली मांजरं मी पाहिलीत. त्यातली काही माझी चौकट वाचून टाकलेली नसतील कशावरून? टाकण्याआधी टेस्ट करा. आणि ती टेस्ट तालुक्यातच का होत नाही, हे आमदारांना विचारा. मीही विचारणार आहे.

पेपरात दुरुस्ती छापली गेली नाही. म्हणून इथे लिहिली.