दादाचा सोळा, माझा सोळा-ई

आमच्या कोपरीच्या घरात दोन आयफोन आहेत. दादाच्या मते दीड! त्याचा आयफोन १६, निळ्या-जांभळ्या रंगाचा, ज्याला तो ‘अल्ट्रामरीन’ म्हणतो आणि आई ‘वांगी कलर’. माझा १६ई, पांढरा. पांढरा किंवा काळा, एवढीच चॉइस होती. स्वस्तात घेणाऱ्यांना रंगांची हौस नसते, असं बहुधा गृहीत धरलेलं असतं.

‘स्वस्त’ हा शब्द अर्थातच जपून वापरायचा. १६ सप्टेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ७९,९०० रुपये होती आणि त्याचा हा धाकटा भाऊ फेब्रुवारी २०२५ मध्ये ५९,९०० ला आला. प्रो होता १,१९,९०० चा, म्हणजे आमच्या घरात त्याचं नाव काढायचीही सोय नव्हती. तेव्हा आमच्यापुरता फ्लॅगशिप म्हणजे दादाचा.

तुम्ही म्हणाल, पत्रकाराला आयफोन हवाच कशाला? पंधरा हजारांच्या फोनवर चालत नाही का? चालतं की! माझं चार वर्षं चाललं. पण लेखासोबत छोटा व्हिडिओही द्या, असं एडिटर सांगायला लागले आणि २०२५ च्या जानेवारीत माझ्या जुन्या फोननं एका मुलाखतीच्या ऐन मध्यात मान टाकली. समोरचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. पण दुसऱ्यांदा सांगताना ते रडले नाहीत. लेखाचा जीव होता तो क्षण गेला तो गेलाच.

दादा ऐरोलीला आयटीत. ठाण्याच्या दहा नंबरवरून रोज वाशी लोकल, महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगार. २०२४ च्या दिवाळीत त्यानं क्रेडिट कार्ड काढलं, दुकानात घासलं, नो-कॉस्ट ईएमआय, बारा हप्ते, महिन्याला ६,६५८ रुपये, विषय संपला. मीही एका बँकेत कार्डासाठी अर्ज केला. फोन आला.

“मॅम, सॅलरी स्लिप?”

“मी फ्रीलान्सर आहे.”

“ओके... म्हणजे सध्या काही करत नाही का?”

मी काय करते ते तिला पाच मिनिटं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. अर्ज नामंजूर झाल्याचा मेसेज संध्याकाळी आला.

दादा म्हणाला, “माझ्या कार्डवर घे ना. सोळाच घे. हप्ता मला देत जा, जमेल तेव्हा.”

त्यातलं ते ‘जमेल तेव्हा’ मला सॉलिड लागलं. तो प्रेमानंच म्हणाला होता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. पण खरं सांगायचं तर लेख छापून आल्यावर टीडीएस कापून पैसे हातात पडायला मला दोन-तीन महिने लागतात. हप्त्याची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही. दर महिन्याला एकाच घरात, एकाच जेवणाच्या ताटावर, ‘दादा, या वेळी जरा...’ म्हणायचं? नको रे बाबा.

मग मी माझा हिशेब केला. मला एका लेखाचे साधारण अडीच हजार मिळतात. म्हणजे १६ई म्हणजे चोवीस लेख आणि १६ म्हणजे बत्तीस लेख. मधल्या आठ लेखांत मला काय जास्त मिळणार होतं? साठवलेल्या पैशांतून एकरकमी मी १६ई घेतला, २०२५ च्या गुढीपाडव्याला. आईनं दोन्ही फोन शेजारी ठेवून हळदीकुंकू वाहिलं आणि विचारलं, “यातला महाग कुठला?” तिला खरंच कळला नव्हता. त्या दिवशी मी हवेत होते!

पहिले पंधरा दिवस दादानं आणि मी दोन्ही फोनची अगदी कुस्ती लावली. आतली ए१८ चिप दोघांत एकच, आठ जीबी रॅमही दोघांत. ग्राफिक्ससाठी त्याच्यात पाच कोअर, माझ्यात चार. दादानं गेम लावून बघितले, फरक सापडेना, तरी तो ‘जाणवतो गं’ म्हणत राहिला. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे सलग व्हिडिओ बघितले तर त्याची बॅटरी २२ तास आणि माझी २६. इथे मी जिंकले. दिवसभर दादर, अंधेरी, परत ठाणे करून मी घरी येते तेव्हा फोन जागा असतो, मी नसते.

हरले तीही ठिकाणं आहेत. भर उन्हात स्टेशनबाहेर उभं राहून मेसेज वाचायचा तर त्याचा स्क्रीन २,००० निट्सपर्यंत उजळतो, माझा ८०० च्या आसपास. मी हाताची सावली करते. त्याच्या टेबलावरची चार्जिंगची चकती फोनला मागून खटकन चिकटते. माझ्या फोनला ती मॅगसेफची लोहचुंबकं नाहीत, चकतीवर नुसता ठेवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. स्क्रीनवर ते नाचणारं बेट नाही, जुन्यासारखी काळी खाच आहे. पण खाचेचं कुणाला काय पडलंय!

वेस्टला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी कोपरीला ‘पलीकडे’ म्हणतात. स्टेशन तेच, महापालिका तीच, मोठे मॉल मात्र त्यांच्याकडे. त्यामुळे चिप तीच आणि बाकीचं काढून घेतलेलं, हा प्रकार आम्हाला नवा नाही.

आता कॅमेरा. दादाच्या फोनला मागे दोन लेन्स, एक ४८ मेगापिक्सेलची मुख्य आणि एक १२ ची अल्ट्रावाइड. माझ्या फोनला मुख्य तेवढी. जाहिरातीत हा फरक एका ओळीत असतो. मला तो कळायला मे महिना उजाडला.

चेंदणी कोळीवाडा रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे, थोडा वेस्टला, थोडा आमच्याकडे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, ती याच मंडळींच्या दारात. आमच्या बाजूच्या एका गल्लीतलं जुनं कौलारू घर पावसाआधी पाडून तिथे इमारत उभी राहणार होती. त्यावर मी लेख घेतला होता. घरातल्या आजींनी सकाळपासून ओटा धुऊन ठेवला होता, नऊवारी नेसल्या होत्या, नातवंडांना भांग पाडून रांगेत बसवलं होतं. त्यांची एकच अट होती. “बाय, फोटोत सगला घर आला पायजे.”

मी मागे सरकले. अजून सरकले. मग पाठ समोरच्या घराच्या भिंतीला टेकली. फ्रेममध्ये ओटा होता, दार होतं, आजी होत्या. कौलं नव्हती, पोटमाळ्याची खिडकी नव्हती, डावीकडची पडवी अर्धी कापली जात होती. दादाच्या फोनवर ०.५ असं एक बटण आहे, ते दाबलं की अख्खी गल्ली मावते. माझ्या फोनवर ते बटण नाहीच! पॅनोरमा काढून बघितला, तर एक नातू हलला आणि त्याला तीन हात आले. आजी हसल्या, पण लगेच वर कौलांकडे बघून म्हणाल्या, “नाय मावत काय?”

दादाला फोन केला. शनिवार होता, तो झोपला होता. दहा मिनिटांत बर्म्युडावर आला, फोन माझ्या हातात दिला आणि एक अक्षर बोलला नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मी ०.५ दाबलं. सगलं घर आलं. कडा जरा वाकड्या आल्या, पण कौलं, खिडकी, पडवी, नातू, कोंबडी, सगळं.

त्या रात्री मी पुन्हा हिशेब मांडला. त्या एका बटणासाठी आठ लेख? वर्षातून असं घर मला किती वेळा भेटतं? दोनदा, फार तर तीनदा. उलट २६ तासांची बॅटरी मला रोज लागते. म्हणजे माझ्या कामाला माझाच फोन बरोबर आहे. हे मला पटतं, अजूनही पटतं. पण त्या दिवशी गल्लीत उभं राहून मला हे आजींना सांगता आलं नसतं. दादा झोपेतून उठला नसता, गावाला गेला असता, तर? घर काही पुन्हा पोज देणार नव्हतं.

लेख जूनमध्ये आला. मी दोन्ही फोनमधले फोटो पाठवले होते. पानावर जागा कमी होती, म्हणून एडिटरनं नुसता आजींचा चेहरा वापरला. तो माझ्या फोनमधला! सुरकुती न् सुरकुती दिसत होती. मी दादाला पान दाखवलं. तो म्हणाला, “बघ, उगीच उठवलंस मला.”

अंक घेऊन आम्ही दोघं आजींच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. त्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं, उलटून मागचीही बाजू बघितली.

“चांगला आलाय. पण घर कुठं गं यात?”

मग मी पिशवीतून दुसरा फोटो काढला. स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मोठा करून घेतला होता. त्यांनी तो मांडीवर आडवा ठेवला आणि बोट फिरवत नातवंडाला सांगायला लागल्या, इथं माचा, इथं चूल, या खिडकीतून खाडी दिसायची. चहा झाला, दुसरा चहा झाला, बोट फिरतच होतं.

निघालो तेव्हा पाऊस थांबला होता. दादा म्हणाला, “माझे अजून पाच हप्ते बाकी आहेत.”

“माझे तीन लेखांचे पैसे बाकी आहेत,” मी म्हटलं.

वडापाव त्यानंच घेतला.