एकट्याची बंदूक

शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज करणारास शस्त्र कशासाठी हवे हे लिहून द्यावे लागते. शेतकरी पिकाचे रक्षण असे लिहितो, नेमबाज खेळाचे नाव घालतो, आणि बाकीचे बहुतेक जण 'आत्मसंरक्षण' हा भारदस्त शब्द लिहून मोकळे होतात. परंतु ज्या घरात एकच मनुष्य राहतो त्या घरापुरता या शब्दाचा अर्थ काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो विचार करण्याचा प्रसंग नुकताच आम्हांवर आला.

आमचे थोरले चुलतबंधू भोर तालुक्यातील आंबवडे गावी वडिलोपार्जित घरात राहतात. आम्ही त्यांस अण्णा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. वहिनींस जाऊन तीन वर्षे झाली. मुलगा परदेशी, मुलगी पुण्यास. शेत अर्धेलीने दिलेले. घर वस्तीच्या टोकास असून मागे ओढा आहे. गेल्या पावसाळ्यात दोन रात्री मागील दार कोणी हलवून पाहिले, अशी त्यांची पक्की समजूत झाली, आणि बारा बोअरची एक दुनळी घ्यावी असे त्यांनी मनाशी ठरविले. अर्ज चांगल्या भाषेत हवा म्हणून ते काम आमच्याकडे आले. कुटुंबात एक प्राध्यापक असला की सगळे अर्ज, मानपत्रे आणि मृत्युलेख त्याच्याच वाट्यास यावयाचे!

अण्णांचा पहिला मुद्दा भीतीचा नव्हता, स्वाभिमानाचा होता. "आपली हत्यारे इंग्रजांनी काढून घेतली, आणि ते गेले तरी ती काही परत आली नाहीत," असे ते म्हणाले. या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. लॉर्ड लिटन यांच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी मनुष्यास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, आणि गोऱ्यांस मात्र त्यातून सूट मिळाली. हा अपमान राष्ट्रीय सभेस इतका झोंबला की १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच तिने त्याविरुद्ध ठराव केला, आणि १९३१ मध्ये कराचीच्या मूलभूत हक्कांत, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. तरीही डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामथ यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा म्हणून घटना समितीत सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती मान्य झाली नाही. एकत्र जमण्याचा हक्क आपणांस मिळाला आहे, परंतु तो शांततेने आणि विनाशस्त्र. पुढे १९५९ चा कायदा आला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका मनुष्याजवळ दोनांहून अधिक बंदुका असू नयेत असे ठरले. अमेरिकेत १७९१ पासून जो हक्क आहे तो आपल्याकडे सवलत म्हणून मिळतो. आम्हांस यात आपल्या घटनाकारांचा भित्रेपणा दिसत नाही. ज्यांनी नुकतीच फाळणीची कत्तल पाहिली होती त्यांनी विचार करूनच हे केले असले पाहिजे.

स्वतःच्या बचावाचा हक्क मात्र कायद्याने कधीच नाकारलेला नाही. जुन्या दंडविधानात तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. रात्री घर फोडून शिरणाराच्या बाबतीत तो प्रसंगी प्राण घेण्यापर्यंतही जातो. अट इतकीच की बचावास लागेल त्याहून अधिक इजा करता कामा नये. अंधारात, झोपेतून उठलेल्या, चष्मा चाचपणाऱ्या सत्तर वर्षांच्या मनुष्याने हे माप कसे घ्यावे, ते संहितेत सांगितलेले नाही.

बंदुकीने घर राखले जाते ही कल्पना आम्ही तपासू लागलो की आमचे मन नेहमी १९७६ सालच्या पुण्याकडे जाते. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत कलाशिक्षण घेणाऱ्या काही तरुणांनी दहा खून केले. त्या हिवाळ्यात दिवेलागण झाली की रस्ते ओस पडत आणि दारास आतून दुहेरी अडसर लागत. आमच्या आईने तर दूधवाल्यासही खिडकीतूनच भांडे देण्याचा नियम केला होता. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावर संस्कृत व्याकरणाचे थोर पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह घरातील पाच माणसे मारली गेली. मारेकऱ्यांनी भिंत फोडली नाही की कौले काढली नाहीत. त्यांनी घंटा वाजविली, आणि सभ्य घराच्या रीतीप्रमाणे दार उघडले गेले. कपाटात बंदूक असती तर ती कपाटातच राहिली असती. चौघांस २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली, तरी त्या पिढीचे पुणेकर घंटा वाजली की आजही क्षणभर थांबतात. आम्हीही थांबतो.

अण्णांस हे पटले नाही. "ते शहर होते. इथे कोणी घंटा वाजवून येत नाही," असे ते म्हणाले. मग आम्ही त्यांस त्यांच्याच गावची गोष्ट सांगितली. आंबवड्यास नागेश्वराचे देऊळ आणि झुलता पूल पाहण्यास मंडळी येतात. परंतु याच गावात कान्होजी जेधे यांची समाधी आहे, आणि तिच्याजवळच जिवा महाला यांची समाधी दाखवितात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज काही निःशस्त्र गेले नव्हते. अंगात चिलखत, डोक्यास जिरेटोप, हाती वाघनखे. यापेक्षा अधिक सिद्धता कोणत्या अर्जदाराची असणार? तरीसुद्धा सय्यद बंडा तलवार उपसून धावला तेव्हा तो हात तोडण्यास दुसरा मनुष्य लागला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे वाक्य अण्णांच्या गावातील पोरांसही पाठ आहे.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "खरे आहे. पण माझा जिवा कुठे आहे ते सांग. डावीकडची दोन घरे बंद, समोरचे बंद. सगळे मुंबईला नाहीतर पुण्याला. गणपतीला कुलपे निघतात, मग पुन्हा लागतात. मी काही हौसेने बंदूक मागत नाही."

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि पुस्तकी उत्तर देण्याची आम्हांस लाजही वाटली. मावळातील गावेच्या गावे अशी अर्धी कुलूपबंद झाली आहेत, आणि मागे राहिलेल्या एकट्या म्हाताऱ्यास जे शेजाऱ्याकडून मिळावयाचे ते तो आता दुकानातून विकत घेऊ पाहतो. त्यास हसणे सोपे आहे.

आमच्या मनात मात्र निराळीच भीती होती, आणि ती बोलून दाखविणे कठीण होते. कॅलिफोर्नियात सुमारे २ कोटी ६० लक्ष प्रौढांची बारा वर्षांची माहिती तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांजवळ पिस्तूल होते त्यांच्यात बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण, पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट निघाले. स्त्रियांत ते सुमारे पस्तीसपट होते. पिस्तूल घेणारा दुःखी असतोच असे नाही. परंतु दुःखाची एखादी रात्र प्रत्येकाच्या घरी येते, आणि ती टळून जाण्यास थोडा वेळ लागतो. बंदूक हा वेळच देत नाही. भरल्या घरात कोणी पाणी पिण्यास उठते, कोणी खोकते. एकट्याच्या घरात कोण उठणार?

हे अण्णांस सरळ कसे सांगावे? आम्ही नियमांचा आडोसा घेतला. शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागेल, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागण्याचा संभव आहे, आणि घरी ती कुलपात ठेवावी लागेल, असे सांगितले.

"कुलूप? आणि किल्ली कोणापासून लपवायची?" अण्णांनी विचारले.

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले. वहिनी गेल्या त्या वर्षीचा पावसाळा त्या दृष्टीत आम्हांस स्पष्ट दिसला, आणि आमचा आडोसा त्यांस केव्हाच कळला होता.

"बरे, किल्ली अर्धेलकऱ्याकडे ठेवू," ते शेवटी म्हणाले. "पण मग रात्री चोर आला तर आधी त्याच्याकडे जाऊन किल्ली मागायची. त्यापेक्षा बंदूकच त्याच्या घरी ठेवू." कायद्याने हेही चालावयाचे नाही, असे आम्ही म्हणालो. "मग त्यालाच इकडे निजायला बोलावतो," अण्णा म्हणाले.

अर्ज आम्ही लिहून दिला आहे, आणि तो अण्णांनी फाडलेला नाही. दिवाळीपासून अर्धेलकऱ्याचा बारावीतला मुलगा अण्णांच्या पडवीत अभ्यासास येतो व तेथेच झोपतो. रात्री एकपर्यंत त्याचा दिवा जळतो आणि विजेचे बिल वाढते, अशी अण्णांची तक्रार आहे.